खोल समुद्रातून खनिजं काढणाऱ्या कंपन्यांचे शेअर आत्ता घेऊन ठेवावेत का?

तुम्ही लिहिलंय, 'तळाशी तसंही नुसता चिखल असतो, त्यामुळे विरोध टिकणार नाही.' शेअरचं नंतर सांगतो, आधी या चिखलाचं.

आम्ही वर्सोव्याचे, घरची डोल आहे, म्हणजे खुंटांना बांधायचं पिशवीसारखं जाळं. एका वर्षी आमच्या खुंटांपासून बऱ्याच लांब ड्रेजर गाळ उपसायला लागला. धाकटा भाऊ तेव्हा नुकताच जहाजावर इंजिनिअर म्हणून लागला होता. म्हणाला, "दादा, गाळच तो, दोन भरत्यांत खाली बसेल." त्या हंगामात डोल ओढायला चौघांच्या जागी सहा जण लागले. खोला, म्हणजे जाळ्याचं शेपूट, सोडला की आधी राखाडी चिखल ओघळायचा, मग त्यात लडबडलेले बोंबील. बोंबील किती नाजूक! कल्ल्यात गेलेला चिखल कितीही धुवा, निघत नाही. आई जबड्यात जबडा अडकवून वलांडीवर, म्हणजे सुकवायच्या मांडवावर, घालायला एकेक उचलायची, दोन बोटांनी कल्ला उघडून बघायची आणि टोपली बाजूला सारायची. ड्रेजर गेल्यावरही हे होळीपर्यंत चाललं.

आमच्याकडे निदान भरती-ओहोटी आहे. हवाई आणि मेक्सिकोच्या मधल्या पट्ट्यात या कंपन्यांना बटाट्याएवढे गोळे उचलायचेत. त्यात मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असतं. खोली 4,000 मीटरच्या वर, म्हणजे दोन हजार वावांहून जास्त. असा गोळा काही मिलिमीटर वाढायला दहा लाख वर्षं लागतात, आणि त्या मऊ तळावर स्पंजांना चिकटायला तेवढीच कठीण जागा असते. 1989 मध्ये पेरूजवळ जर्मन शास्त्रज्ञांनी तळ नांगरून पाहिला. 26 वर्षांनी जाऊन बघतात तर नांगराचे तास तसेच!

आता शेअर. समुद्रतळ खणायला निघालेली नॉटिलस मिनरल्स 2019 मध्ये बुडाली, सोबत पापुआ न्यू गिनी सरकारचे पैसेही बुडाले. द मेटल्स कंपनीने 2022 मध्ये चाचणीत तीन हजार टनांवर गोळे वर काढले. पण जमैकातल्या किंग्स्टनच्या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाचे खाणकामाचे नियम ठरेनात, तेव्हा 2025 मध्ये कंपनीने सरळ अमेरिकेकडे अर्ज केला, आणि हे प्राधिकरण ज्या समुद्र कायद्याच्या करारातून आलं, त्यात अमेरिका नाहीच. परवाना कुणाचा चालणार हेच जिथे ठरलेलं नाही, तिथे पोरांच्या फीचे पैसे घालू नका.

संशोधनाला माझा विरोध नाही. 1981 मध्ये आपल्या 'गवेषणी' या संशोधन जहाजाने अरबी समुद्रातून असेच गोळे वर आणले होते, त्याचा मला अभिमान आहे. हिंदी महासागरात 75,000 चौरस किलोमीटरचा पट्टा शोधकामासाठी भारताकडे आहे, तिथे 'मत्स्य 6000' ही माणसं नेणारी पाणबुडी जरूर उतरावी, नीट बघावं, मोजावं. जमिनीवरच्या खाणीही माणसं आणि जंगलं खातात, हेही खरं. पण निकेल-कोबाल्टशिवायच्या बॅटऱ्यांवर आज गाड्या धावतायत, मग तळ खरवडायची एवढी घाई कशाला?

भाऊ हे वाचेलच. बाळा, दोन भरत्यांत नव्हता बसला तो गाळ. आईला फोन करून विचार.