भांड्यांचं लिक्विड घरी बनवताना फेस आवरत नाही, डिफोमर किती टाकू?

तुम्ही लिहिलंय की २० लिटर लिक्विड करायला घेतलं की ड्रम फेसानं काठोकाठ भरतो, आणि भरलेल्या बाटल्या दुसऱ्या दिवशी खाली उतरलेल्या दिसतात. डिफोमर, म्हणजे फेस मारणारं रसायन, आत्ताच विकत आणू नका. भांड्यांच्या लिक्विडला फेस हवाच असतो, गिऱ्हाईक घासणीवरचा फेस बघूनच पुन्हा मागतं. तुम्हाला नकोय ती आत कोंडलेली हवा, आणि ती ढवळतानाच शिरते.

आमच्या बचत गटानं हे भोगलंय. ड्रिलला रंग ढवळायचं पातं लावून आम्ही जोरात फिरवायचो. मधोमध भोवरा पडायचा आणि तोच हवा खाली ओढायचा. रात्री गळ्यापर्यंत भरलेल्या ५०० मिलीच्या बाटल्या सकाळी खांद्याच्याही खाली. एका दुकानदारानं अख्खा खोका परत पाठवला, तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

आता आम्ही सगळं पाणी आधी ड्रममध्ये घेतो आणि त्यात एसएलईएसची (मळ काढणारं, फेस करणारं मुख्य रसायन) ७० टक्क्यांची पेस्ट सोडतो. उलटं करून पेस्टवर थोडं थोडं पाणी ओतत बसलात, तर मध्येच तिचा घट्ट जेलीसारखा गोळा होतो. तो फोडायला जोर लावावा लागतो आणि फेस तिथेच होतो. पेस्ट टाकली की हलक्या हातानं दोन-चार वेळा फिरवून रात्रभर झाकून ठेवा, बरीचशी आपोआप विरघळते. सकाळी लाकडी दांड्यानं तळातून ढवळा, दांडा वर उचलू नका. ड्रिलच वापरायचं असेल तर अगदी कमी वेगावर, पातं तळाजवळ आणि मध्यावर न धरता एका बाजूला. मग भोवरा धरत नाही.

मीठ मात्र सगळ्यात शेवटी, यात तडजोड नको. मिठानं लिक्विड घट्ट होतं, आणि घट्ट झालं की बारीक बुडबुडे दिवसदिवस आतच अडकून राहतात. पातळ असतानाच हवा निघून जाऊ द्या, मग मिठाचं पाणी करून बारीक धारेनं सोडा. आधी १ लिटरवर अंदाज घ्या, कारण मीठ प्रमाणाबाहेर गेलं की लिक्विड उलट पातळ होत जातं.

वर आलेला फेस झाऱ्यानं काढून बादलीत ठेवा. तो मालच आहे, बसला की परत ओता. भरताना नरसाळ्याला बाटलीच्या तळापर्यंत पोचणारी नळी लावा आणि पातळी न बघता काट्यावर वजनानं भरा.

एवढं करूनही अडलंच, तर सिलिकॉन डिफोमर २० लिटरला १ मिली, तोही पाण्यात कालवून. जास्त पडला की लिक्विड गढूळ होतं, वर तेलकट ठिपके तरंगतात आणि घासणीवरचा फेसही मरतो.

हेच लिक्विड फ्रंट लोड वॉशिंग मशीनमध्ये मात्र घालू नका. तिथे फेस खरंच मारावा लागतो. त्यासाठी मशीनच्या लिक्विडमध्ये थोडा खोबरेल तेलाचा साबण घालतात. बोअरच्या पाण्यातल्या कॅल्शियमशी तो जुळला की फेस मोडतो.