वाचकांचे प्रश्न : अ‍ॅम्बेसेडरचा ऑइल चेंबर घरी उतरवताना

प्रश्न : जुन्या मार्क २ अ‍ॅम्बेसेडरच्या चेंबरमधून (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातून) तेल गळतं. तो घरीच काढता येईल का? (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : येईल. पण आधी इंजिन पुसून थोडं चालवून पाहा. टॅपेट कव्हरचं (इंजिनावरच्या झाकणाचं) तेलही ओघळून खालीच येतं. पुढची बाजू दोन घोड्यांवर (लोखंडी आधारांवर) घ्या, नुसत्या जॅकवर कधीच नाही. मागच्या चाकांना ठोकळे लावा, बॅटरीची तार सोडा. तेल कोमट असताना काढा. सुमारे चार लिटर निघतं.

कोपऱ्यांतले बोल्ट शेवटी सोडा. चेंबर चिकटला तर लाकडी हातोडीने कडेने ठोका. पेचकस घुसवला की कड वाकते आणि गळती कायमची. क्रँकला (इंजिनातल्या फिरत्या दांड्याला) अडकला तर क्रँक हाताने थोडा फिरवा.

खरी गोम पॅकिंगमध्ये आहे. बाजूच्या दोन पॅकिंगखेरीज, क्रँकला धरणाऱ्या पुढच्या-मागच्या मेन बेअरिंग कॅपच्या खाचेतही कॉर्कच्या पट्ट्या बसतात. त्यांची टोकं किंचित वर उभी राहू द्या. सपाट कापली तर कोपरे गळणारच. खानदेशच्या उन्हाळ्यात दुकानात पडून कॉर्क वाळून आखडतो, म्हणून काही तास पाण्यात भिजवा. जास्त आवळल्याने फुगलेली चेंबरच्या कडेची बोल्टची भोकं लाकडावर ठोकून सपाट करा. बोल्ट आलटूनपालटून, सुमारे ८ न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) इतकेच आवळा.