स्टेज सोडू की क्लास?

प्रश्न : दादा, मी सांगलीचा, वय 24. ऑर्केस्ट्रात ड्रम आणि ऑक्टोपॅड वाजवतो आणि दोन वर्षं झाली, एका शाळेत आणि घरी मिळून मुलांना शिकवतो पण. घरचे म्हणतात बँकेच्या परीक्षा दे, आणि ऑर्केस्ट्रातले सिनियर म्हणतात ज्याला वाजवता येत नाही तो शिकवतो, तू यात अडकू नकोस. खरंच क्लासमुळे माझं वाजवणं संपेल का? काय करू?

उत्तर : अरे, ते सिनियर स्वतः पावसाळ्यात काय करतात ते आधी विचार त्यांना. आपल्याकडे स्टेजचा धंदा सीझनचा आहे, गणपती ते नवरात्र, मग तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई ते थेट मे महिन्यापर्यंत. जून-जुलैत फोन वाजत नाही आणि नेमक्या त्याच वेळी शाळा सुरू होतात, नवीन अ‍ॅडमिशन येतात. म्हणजे ही दोन कामं एकमेकांच्या आड येत नाहीत, नीट लावलीस तर वर्ष भरून निघतं. फक्त पहिल्याच दिवशी पालकांना सांगून ठेव की गणपतीत क्लास बंद, आणि फी महिन्याच्या सुरुवातीला घे, तासावर घेऊ नकोस, नाहीतर पोराला सर्दी झाली की तुझं पेट्रोल बुडालं.

पण एक आहे, शिकवणं म्हणजे वाजवणारा रिकामा असला की करायचं काम नाही, ते वेगळं शिकावं लागतं. तू दहा वर्षं जे हाताने करतोयस ते नऊ वर्षांच्या पोराला सांगता येतं का बघ. बहुतेक मुलं तर्जनी काठीवर ताणून धरतात, मग मनगट आखडतं आणि काठी उसळतच नाही. तिथे 'रिलॅक्स, रिलॅक्स' ओरडून काही होत नाही. काठी अंगठा आणि तर्जनीत नुसती लटकू द्यायची, पॅडवर टाकायची, ती स्वतःहून किती वेळा उसळते ते त्यालाच मोजायला लावायचं, बाकीची बोटं नंतर. मग मेट्रोनोम, म्हणजे टिक-टिक ठेका देणारं यंत्र, मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवून पॅराडिडल नावाचा हातांचा क्रम, उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा. पोरगं कंटाळतं हे खरंय, म्हणून शेवटची दहा मिनिटं त्याच्या आवडीच्या गाण्यावर वाजवू दे, चुकत असलं तरी. आणि पथकात ताशा वाजवणारा कोणी आला तर त्याला पहिल्यापासून सुरू करायला लावू नकोस, तर्री, म्हणजे ताशाचा सलग कडकडाट, बसलेल्या हाताला ड्रमचा तसाच रोल शिकवायचा नसतो, त्याला पायाची पेडलं शिकवायची असतात.

रुडिमेंट्सची, म्हणजे पॅराडिडलसारख्या हातांच्या मूळ पाठांची यादी नीट पाठ कर, 1984 पासून पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटी या वादकांच्या संस्थेची 40 ची यादी जगभर चालते. तुझ्याकडे कागद, म्हणजे ड्रमचं सर्टिफिकेट, आहे का ते लिहिलं नाहीस. नसेल तर ट्रिनिटी किंवा रॉकस्कूल या संगीत परीक्षा मंडळांच्या ग्रेड परीक्षा दे, 8 पर्यंत असतात आणि व्हिडिओ रेकॉर्ड करून पाठवायचीही सोय आहे. तुला वाजवता येतंच, पण तबल्याच्या विशारदसारखं दाखवायला काहीतरी लागतं, मोठ्या शाळांच्या मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येतो. शिवाय स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचता येऊ लागलं की रेकॉर्डिंगचं काम आलं तर हात थरथरत नाहीत. नोटेशन न वाचता कानाने मोठे झालेले लोक आहेत, ड्रमर शिवमणींसारखे हात असतील तर माझं ऐकू नकोस.

कानाचं मात्र कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. बंद खोलीत ड्रमचा आवाज सहज 100 डेसिबलच्या वर जातो. 85 डेसिबलला दिवसात आठ तास चालतात, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे 100 ला फक्त 15 मिनिटं. स्टेजवर महिन्यात चार कार्यक्रम, पण क्लासमध्ये तू रोज बसणार, त्यामुळे धोका तिथेच जास्त. इअरप्लग स्वतःलाही आणि मुलांनाही.

बँकेचं म्हणशील तर परीक्षा द्यायला काय जातंय, दे. पण घरच्यांना गप्प करायला म्हणून देऊ नकोस, वर्षभराचा जमा-खर्च वहीत लिही आणि तो वडिलांपुढे ठेव, बघ बोलणं बदलतं का. आणि महिन्यातून एकदा तरी असं काहीतरी वाजव ज्याचे पैसे मिळत नाहीत, दुसऱ्या ड्रमरबरोबर, तुझ्यापेक्षा चांगल्या.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा, त्याला ड्रम हवाय. आम्ही ठाण्यात चौथ्या मजल्यावर राहतो. इलेक्ट्रॉनिक किट घेतलं तर चालेल ना?

उत्तर : ताई, लगेच नको. आधी सहा महिने रबरी प्रॅक्टिस पॅड आणि काठ्या, काही शे रुपयांत काम होतं, टिकला तर किट. जाळीच्या पॅडवाल्या किटचा आवाज हेडफोनमध्ये राहतो खरा, पण पायाच्या पेडलचा धप्पा स्लॅबमधून थेट तिसऱ्या मजल्यावर जातो, आणि तिथल्या काकू हेडफोन लावून बसलेल्या नसतात. प्लायवुडच्या दोन फळ्यांमध्ये टेनिस बॉल बसवून त्यावर किट ठेवतात, सुतार अर्ध्या दिवसात करून देतो, तेवढं करून घ्या.