खिडकीच्या अलीकडे बसणाऱ्या मुलीस

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात लिपिक म्हणून तुझी निवड झाल्याचे तुझ्या वडिलांनी फोनवर सांगितले आणि फार आनंद झाला. मी फौजेतून हवालदार क्लार्क म्हणून निवृत्त झालो आणि पुढे अशाच एका कार्यालयात कल्याण संघटक होतो, त्यामुळे त्या खिडकीच्या पलीकडे रांगेतही उभा राहिलो आणि अलीकडे खुर्चीतही बसलो. म्हणून हे पत्र.

सैनिकाच्या गौरवाला आपल्याकडे कधीच तोटा नव्हता. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, त्यांच्या स्मरणार्थ इंग्रजांनी तेथे स्मारक उभारले आणि आजही लोक त्या गावाला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. ध्वजदिनाचा निधी 7 डिसेंबरला गोळा होतो, 26 जानेवारीला शाल-श्रीफळ दिले जाते, आणि ते द्यायलाच हवे. परंतु तोच माणूस आठवड्याने कागद घेऊन तुझ्या खिडकीशी येईल, तेव्हा त्याच्या नोकरीची किंमत देशाने काय केली हे त्याला तुझ्या वागण्यावरून आणि तुझ्या कामावरून कळेल.

एक प्रसंग सांगतो. माण तालुक्यातून एक वृद्ध बाई आल्या होत्या. नवरा जाऊन पाच महिने झाले होते. साडीच्या दुकानाच्या पिशवीत त्यांनी पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, फौजेतून सुटल्याचे डिस्चार्ज बुक आणि मृत्यूचा दाखला अशी सगळी कागदपत्रे नीट घडी घालून आणली होती, तरीही कुटुंब निवृत्तिवेतन अडले होते, कारण फौजेच्या नोंदीत त्यांचे नाव ‘सांताबाई’ होते आणि आधार कार्डावर ‘शांताबाई’. एका बँकेच्या शाखेत त्यांना तीनदा परत पाठवले गेले होते आणि शेवटच्या वेळी तिथल्या माणसाने, ‘तुम्ही खऱ्या बायको कशावरून?’ असे सर्वांसमक्ष विचारले होते. हे सांगताना त्या रडल्या नाहीत. पदराच्या टोकाला पुन्हा पुन्हा गाठ मारत होत्या आणि सोडत होत्या.

ती नोंद कशी होते, हे मला ठाऊक होते. जवानाचे लग्न झाले की त्याने ते युनिटला कळवायचे आणि क्लार्कने ‘पार्ट टू ऑर्डर’, म्हणजे सेवा-नोंदीत ते चढवणारा आदेश, काढायची. तिथे नाव कानाला जसे ऐकू येईल तसे इंग्रजीत लिहिले जाते. क्लार्क बिहारचा असो वा केरळचा, माहेरचे नाव, सासरचे नाव, ‘बाई’ जोडायचे की नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते, आणि जन्मतारीख आठवत नसेल तर आपल्याकडे शाळेत लिहितात तशी 1 जून टाकून तो मोकळा होतो. अशा घाईतल्या नोंदी मीसुद्धा केल्या आहेत. त्यांतल्या किती घरी पुढे असे काही घडले असेल, हा विचार अजून मला झोपू देत नाही.

म्हणून तुला माझे आग्रहाचे सांगणे हे की कोणीही माजी सैनिक कोणत्याही कामासाठी आला, मग ते कँटीन कार्ड असो, मुलाची शिष्यवृत्ती असो वा घरपट्टी माफीचा दाखला असो, त्याचा पीपीओ मागून घे आणि बायकोचे नाव व जन्मतारीख आधारशी ताडून पाहा. तो हयात असताना ही दुरुस्ती त्याच्या अर्जावर, प्रतिज्ञापत्रावर आणि जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसशी केलेल्या पत्रव्यवहारावर होऊन जाते. तो गेल्यानंतर तीच दुरुस्ती त्या बाईला एकटीने, अनोळखी इंग्रजी कागदांशी झगडत करावी लागते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातल्या सागरला. हे पत्ते पाठ कर. आता निवृत्तिवेतन ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीतून थेट खात्यात येते ही सोय खरीच, पण संगणक ‘श’ आणि ‘स’ यांच्यात मनाने तडजोड करत नाही.

जुन्या लोकांच्या बोलण्यात राग दिसला तर तो तुझ्यावर आहे असे समजू नकोस. एकाच हुद्द्यावर तितकीच वर्षे नोकरी करूनही आधी निवृत्त झालेल्याला कमी पेन्शन, हा अन्याय दूर व्हावा म्हणून 2015 च्या उन्हाळ्यात हे लोक उतारवयात दिल्लीला जंतरमंतरवर उपोषणाला बसले होते. ‘वन रँक वन पेन्शन’ची घोषणा त्याच वर्षी 5 सप्टेंबरला झाली आणि लाभ 1 जुलै 2014 पासून मिळाला.

सीआरपीएफ आणि बीएसएफ या गृह मंत्रालयाच्या दलांचे जवानही चुकून तुझ्याकडे येतील. नियमाच्या व्याख्येत ते ‘माजी सैनिक’ नाहीत. 1 जानेवारी 2004 पासून केंद्र सरकारच्या नोकरीत आलेल्यांना वर्गणीवर आधारलेली नवी पेन्शन योजना लागू झाली, तिन्ही सेनादले तिच्यातून वगळली गेली, मात्र हे जवान इतर केंद्रीय कर्मचाऱ्यांबरोबर तिच्यात राहिले. पुलवामाला 14 फेब्रुवारी 2019 रोजी सीआरपीएफचे 40 जवान गेले, त्यांतले दोघे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले होते. हा भेद मला कधीच पटला नाही. तो मिटवणे तुझ्या हातात नाही, पण ‘तुम्ही आमच्यात येत नाही’ एवढे बोलून खिडकी लावू नकोस. गृह मंत्रालयाचे कल्याण व पुनर्वसन मंडळ त्यांच्यासाठी आहे. तिथे लिहायचा अर्ज त्यांना समोर बसवून लिहून दे.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी गर्दी होईल. जन्मभर खुरपे धरलेल्या आणि राखेने भांडी घासलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, तेव्हा त्यांना पुन्हा पुन्हा बोट दाबायला लावू नकोस, मोबाइलवरून चेहऱ्याची ओळख पटवण्याची सोय आहे ती आधीच शिकून ठेव. आणि कार्यालयाबाहेरच्या बाकावर दुपारी ऊन येत असेल, तर साहेबांच्या कानावर घालून दिवाळीपूर्वीच तिथे ताडपत्री बांधून घे.

तुझा,
काका