वाचकांचे प्रश्न : मामा तलावात गवत्या मासा सोडावा का?

प्रश्न : आमची मच्छीमार सहकारी संस्था गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात दरवर्षी रोहू, कटला आणि मृगळ यांचे बीज सोडते. तरीही उत्पादन घटत चालले आहे आणि मरळ, मागूर तर क्वचितच मिळतात. तलावातील वनस्पती हटवण्यासाठी गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडण्याचा सल्ला आम्हाला मिळाला आहे. तो मानावा का?
– एक वाचक, जि. गोंदिया

उत्तर : कृपया ती घाई करू नका. गवत्या हायड्रिलासारख्या कोवळ्या पाणवनस्पती फस्त करतो, पण काठावर माजलेल्या बेशरमाला (आयपोमिया या झुडपाला) तोंड लावत नाही. म्हणजे जे राखायचे ते जाईल आणि जे काढायचे ते तसेच राहील.

रोहू, कटला आणि मृगळ हे मूळचे नदीचे मासे असून साचलेल्या पाण्यात त्यांची वीण सहसा होत नाही, म्हणूनच त्यांचे बीज दरवर्षी विकत घ्यावे लागते. मरळ मात्र तलावातच, उथळ पाण्यात वनस्पतींच्या आडोशाला घरटे करतो. पावसाळ्यात काठाशी नारिंगी-तांबड्या पिल्लांचा थवा पाण्यावर खळबळताना दिसला, की खाली मोठा मासा राखणीला आहे, हे मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाला वेगळे सांगायला नको. त्या वेळी राखणीचा मासा मारला तर पिल्ले इतर माशांच्या तोंडी पडतात. आडोसाच उरला नाही तर घरटेही होत नाही, आणि आपल्या जाळ्यातून मरळ नाहीसा होण्याचे एक मोठे कारण मला हेच वाटते.

बेशरम उन्हाळ्यात, पाणी आटल्यावर, मुळासकट खणून काढावा आणि तलावापासून दूर नेऊन वाळवावा, कारण ओल्या मातीत पडलेले त्याचे तुकडे पुन्हा फुटतात. मोकळ्या झालेल्या जागी देवधान, गाद, हायड्रिला अशा स्थानिक वनस्पती शेजारच्या चांगल्या तलावातून आणून लावाव्यात. आपल्याच जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव परिसरात, ढिवर महिलांच्या गटांनी हे काम हाताने केले आहे. त्यांच्याकडून ते प्रत्यक्ष पाहून घ्यावे, असे मी आग्रहाने सुचवेन.

पहिल्या पावसात मासे सांडव्याकडून आणि ओढ्यांतून चढणीला लागतात, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर जातात, तेव्हा तेथे जाळी न लावण्याचा ठराव ग्रामसभेतच व्हायला हवा, कारण चढणीचे मासे धरणारे सगळेच काही संस्थेचे सभासद नसतात. मच्छरदाणीसारखी बारीक जाळी तर बारमाही बंद असावीत. गाळ काढताना यंत्राने सगळा तळ सपाट करू देऊ नये. उन्हाळ्यात मासे तगून राहतील असा एखादा खोल डोह आणि वनस्पतींचा उथळ काठ, दोन्ही शिल्लक ठेवावेत.

बीज सोडणे थांबवावे, असे माझे म्हणणे नाही, कारण संस्थेचा ठेका आणि सभासदांची मजुरी आज त्यावरच चालते. मात्र मरळ लहान मासे खातो, म्हणून तो वाढू लागला की जिऱ्याऐवजी (अगदी बारीक पिल्लांऐवजी) चांगली वाढलेली, बोटाएवढी बोटुकलीच सोडावी, आणि विक्रीच्या वहीत प्रत्येक जातीचे वजन वेगळे लिहावे.