जुलाब होतातच, मग पोट साफ करायचं औषध कशाला?

ताई, तुमच्या भावाला आठ वर्षांचा अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला आतून सूज आणि व्रण), नाशिकला सकाळी अकराला कोलोनोस्कोपी (नळीच्या कॅमेऱ्याने मोठ्या आतड्याची तपासणी), आणि त्याचं म्हणणं, ‘दिवसातून सहा वेळा जातोय, आता आणखी काय साफ करायचं?’ मीही असाच हुज्जत घालायचो. जुलाब झाले म्हणजे आतडं धुतलं गेलं असं नसतं. पातळ मळ भिंतीला चिकटून राहतो, आणि आठ वर्षांनंतरची तपासणी त्या भिंतीवरचे बारीक बदल शोधायलाच असते.

माझ्या पहिल्या वेळी आदल्या सकाळी ‘आता उपासच आहे’ म्हणून मिसळ हाणली आणि पहाटेचं औषध कंटाळून सोडलं. नंतर फोटो दाखवले, त्यात मटकीची टरफलं! पुन्हा तारीख, पुन्हा खर्च.

म्हणून दोन-तीन दिवस आधीच मटकी, पालेभाजी, तीळ, पेरू, द्राक्षं बंद. मऊ भात, मूगडाळीचं पातळ वरण, सोललेला बटाटा चालतो. आदल्या दिवशी डॉक्टर सांगतील तेव्हापासून फक्त शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबूपाणी, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत नको. आत ते रक्तासारखं दिसतं.

पोट साफ करायचं औषध पीईजीचीच (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, पाण्यात मिसळून प्यायची) पावडर आहे ना, बघून घ्या. सोडियम फॉस्फेटवालं कोलायटिसमध्ये टाळतात. त्याने आतड्यात बारीक व्रण उठू शकतात आणि ते आजाराचेच वाटतात. मूत्रपिंडालाही ते जड. मेडिकलवाला ‘सेमच आहे’ म्हणाला तरी बदलून घेऊ नका.

दोन लिटर असेल तर अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं पहाटे पाचच्या सुमारास सुरू करून नऊच्या आत संपवायचं. हा पहाटेचा भागच खरा. फ्रीजमध्ये गार करून, स्ट्रॉने, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास. मागच्या वेळी त्याला उलटी झाली म्हणता, तर वेग कमी करा. पण पोट फुगून उलट्या होत असतील किंवा जोरात दुखत असेल तर थांबून लगेच फोन करा. आतडं कुठे अरुंद झाल्याचं कधी सांगितलं असेल, तर ते आत्ताच डॉक्टरांच्या कानावर घाला.

मेसालामाइन, स्टेरॉइड ही कोलायटिसची नेहमीची औषधं मनाने बंद करू नका. लोहाच्या गोळ्या मात्र साधारण आठवडाभर आधी थांबवतात, विचारून घ्या.

आणि सिन्नरहून त्याच सकाळी एसटीने निघू नका हो! आदल्या रात्री नाशिकला कुणाकडे तरी मुक्काम करा, संडास जवळ असलेली खोली मागा, व्हॅसलीन बरोबर ठेवा. शेवटी लघवीसारखं स्वच्छ पिवळं पाणी पडायला लागलं की झालं. गढूळ असेल तर टेबलवर जाण्याआधी नर्सला सांगा.