सिम्युलेटरमध्ये बोइंग ७२७चा ऑटोपायलट भरलेल्या उंचीवर थांबत का नाही?

थांबणार नाहीच, कारण त्याला थांबायला कोणी सांगितलेलंच नाही. तुम्ही १०,००० फूट भरलेत ती खिडकी अलर्टरची. उंची जवळ आली की दिवा लावायचा, टोन वाजवायचा, एवढंच तिचं काम. आजच्या ७३७वर किंवा एअरबसवर हात बसला असेल तर हा घोळ हमखास होतो, कारण तिथे भरलेल्या उंचीवर ऑटोपायलट आपोआप थांबतो. ७२७ पहिल्यांदा उडालं १९६३ मध्ये आणि त्यातला स्पेरी कंपनीचा एसपी-५० हा ऑटोपायलट त्याच काळातला. (पुढच्या काही ७२७मध्ये उंची पकडायची सोय आली, पॅनेलवर ‘ऑल्टिट्यूड सिलेक्ट’ दिसत असेल तर तुमचा प्रश्न वेगळा आहे.)

तर सपाट व्हायचं ते तुम्हीच. चढाईच्या दराचा दहावा भाग, तेवढे फूट आधी सुरुवात करा. मिनिटाला २,००० फुटांनी चढत असाल तर ९,८०० फुटांवर पिच व्हील (ऑटोपायलटवरचं नाक वर-खाली करायचं चाक) हळूहळू पुढे ढकलायचं, चढाईची सुई शून्याजवळ आणायची आणि मगच ऑल्टिट्यूड होल्ड, म्हणजे आहे ती उंची धरायची सोय, लावायची. घाईने चढतानाच ते लावलंत तर ऑटोपायलट त्या क्षणाची उंची धरायला जातो, विमान तोवर वर निघून गेलेलं असतं, मग नाक दाबून परत खाली. पडद्यावर गंमत वाटते, प्रवाशांना वाटली नसती.

याहून महत्त्वाचं म्हणजे थ्रॉटल, इंजिनची शक्ती कमीजास्त करायचा दांडा. तो आपोआप हलवणारं ऑटोथ्रॉटल ७२७वर नाही हे सगळे वाचतात आणि सपाट झाल्यावर विसरतात. चढून सपाट झालात की वेग वाढत जातो, तेव्हा ईपीआर (इंजिनचा जोर दाखवणारा आकडा) बघून शक्ती कमी करा. उतरताना उलटं, आणि तेच जास्त धोक्याचं: थ्रॉटल आयडलला, म्हणजे किमान शक्तीवर, आणि ऑल्टिट्यूड होल्ड लावलेलं. ऑटोपायलट इमानेइतबारे उंची धरतो, त्यासाठी नाक वर वर उचलत राहतो, आणि वेग गळत जातो, पार स्टॉलपर्यंत, म्हणजे पंखांची उचल सुटेपर्यंत. ७२७ची जेटी८डी इंजिनं आयडलवरून जोर धरायला काही सेकंद घेतात, म्हणून सपाट व्हायच्या थोडं आधीच थ्रॉटल पुढे सरकवा.

होल्ड लावलंय म्हणून नजर काढून घेऊ नका. १९७२ मध्ये मायामीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सच्या ट्रायस्टार विमानाचे वैमानिक पुढच्या चाकाच्या दिव्यात गुंतले होते, उंची धरणं नकळत सुटलं आणि विमान हळूहळू खाली जाऊन दलदलीत कोसळलं. ते विमान ७२७पेक्षा बरंच आधुनिक होतं.

दिशेचं सोपं आहे. टर्न नॉब (विमान वळवायचं बटण) मधल्या खाचेत असल्याशिवाय नॅव्ह-लोक, म्हणजे रेडिओ सिग्नलवरून मार्ग धरायचा मोड, चालणार नाही. ‘व्हीओआर (दिशा दाखवणारं जमिनीवरचं रेडिओ केंद्र) पकडतच नाही’ या तक्रारीत आधी तो नॉब बघा, मग फ्रिक्वेन्सी आणि कोर्स. व्हीओआरच्या अगदी डोक्यावर सुई भरकटते, तेवढ्यापुरतं हेडिंगवर, म्हणजे ठरावीक दिशा धरायच्या मोडवर, जा. आयएलएससाठी (धावपट्टीवर उतरवणारी रेडिओ यंत्रणा) लोकलायझरला, म्हणजे तिच्या धावपट्टीच्या रेषेतल्या सिग्नलला, साधारण ३० अंशांनी गाठा, ग्लाइडस्लोपच्या (उतरायच्या कोनाच्या सिग्नलच्या) खाली राहा आणि ऑटो जी/एस (ऑटो ग्लाइडस्लोप) लावा. मॅन्युअल जी/एसला हात लावू नका, ते ग्लाइडस्लोप आपोआप पकडायची वाट न बघता लगेच त्याच्या मागे लागतं.

आणि पिच व्हील माउसने फिरवण्यापेक्षा जॉयस्टिकच्या दोन बटणांवर बांधून टाका. माउसचं चाक एकदा जास्त फिरलं की वरचं सगळं गणित कोलमडतं.